बाई, ह्याने आधी मारलं! : वाचकांचे प्रश्न

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की दोन आठवडे रडारडीची पत्रं येतात, आणि पोरं एकदा रुळली की भांडणांची. यावेळी इतकी आली की सगळा कॉलम त्यालाच देऊन टाकला. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत, काही पत्रं थोडी छोटी केलीत.

प्रश्न : मुलगा पाच वर्षांचा, सीनियर केजीत. टीचरची रोज तक्रार. कोणी त्याचा क्रेयॉन घेतला की हा ढकलतो, परवा तर चावला. घरी समजावलं की सगळं कळतं त्याला, "मारायचं नाही, शेअर करायचं" असं स्वतःच म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. मिस्टर म्हणतात दोन दिवस टीव्ही बंद कर, सुतासारखा सरळ होईल. – एक आई, नाशिक

टीव्ही बंद करा किंवा नका करू, त्याचा क्रेयॉनशी काही संबंध नाही आणि पाच वर्षाच्या पोराला तो संबंध लागतही नाही. तुम्ही समजावता तेव्हा तो पोट भरलेला, तुमच्या कुशीत, एकदम शांत असतो. वर्गात हातातून खडू गेला की डोक्यात एवढी आग होते की "मारायचं नाही" हे वाक्य आठवायलाच वेळ नाही, हात आधी पोचतो. आणि नीट बघा, तुम्ही त्याला काय करायचं नाही ते सांगितलंय, मग काय करायचं ते कुठे सांगितलंय?

कॅनडात रिचर्ड ट्रेम्बले नावाच्या संशोधकांनी मुलांच्या हाणामारीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, त्यात दिसलं की माणूस आयुष्यात सगळ्यात जास्त मारामारी करतो ती साधारण दोन-तीन वर्षांचा असताना, आणि मग ती हळूहळू कमी होत जाते. म्हणजे मारणं पोरांना कोणी शिकवावं लागत नाही, न मारणं शिकवावं लागतं. तुमचा मुलगा त्यात थोडा मागे आहे एवढंच, बिघडलेला वगैरे नाही.

तर त्याला वाक्य द्या. छोटं, त्याच्या तोंडात बसेल असं. "मी घेतलाय, माझं झालं की देतो." किंवा नुसतं "थांब, मला नाही आवडलं." आणि हे लेक्चर देऊन होत नाही, खेळून होतं. घरातल्या बाहुल्या घ्या, टेडी घ्या, काही नसेल तर दोन चमचे घ्या, एकाने दुसऱ्याचा खडू पळवायचा आणि पुढे काय ते पोराला बोलायला लावायचं. मग उलटं करा, खडू पळवणारा तो होऊदे. यात पोरांना भयंकर मजा येते आणि ते वाक्य इतक्यांदा बोललं जातं की वर्गात जिभेवर सापडतं.

अजून एक, टीचरना विचारा की हे नक्की किती वाजता होतं. बऱ्याचदा डबा खायच्या आधीच्या अर्ध्या तासात होतं, नाहीतर शाळा सुटायच्या आधी. भुकेलं किंवा पेंगुळलेलं पोर काय तडजोड करणार हो, आपण तरी करतो का? तसं असेल तर सकाळी दुधाबरोबर काहीतरी पोटभर द्या आणि रात्री अर्धा तास लवकर झोपवा. चावल्यावर मात्र उलटं चावून दाखवू नका (हा सल्ला अजूनही घराघरांत दिला जातो). तिथल्या तिथे थांबवायचं, "चावू देणार नाही" एवढं बोलायचं, आणि आधी ज्याला चावला त्याच्याकडे जायचं.

प्रश्न : सॉरी म्हणायला लावावं की नाही? आमच्या घरात यावरून दोन पार्ट्या आहेत. – पुणे

जबरदस्तीने नको. मान खाली घालून, दात-ओठ खाऊन म्हटलेलं सॉरी ऐकून समोरच्याला बरं वाटत नाही आणि म्हणणाऱ्याला कळतं की सुटायची चावी मिळाली, मारा आणि सॉरी बोला, हिशोब पूर्ण. त्यापेक्षा विचारा, "आता तिला बरं वाटायला तू काय करशील?" पाडलेला मनोरा परत लावून देईल, पाणी आणून देईल, फाटलेलं चित्र चिकटवेल. काहीतरी हाताने करूदे. सॉरी मागाहून आपोआप आलं तर छान, नाही आलं तरी काम झालं.

प्रश्न : नातू दुसरीत आहे. वर्गातला एक मुलगा त्याला मारतो. मी सांगितलं, एक खाल्लीस तर दोन ठेवून दे. सूनबाई म्हणते बाईंना सांग. बाईंना सांगितलं तर पोरं चहाडीखोर म्हणून चिडवतात. आमच्या वेळी असली थेरं नव्हती. – एक आजोबा, कोल्हापूर

आजोबा, तुमची चिंता रास्त आहे, नातवाने मार खात बसावं असं कोणीच म्हणणार नाही. पण दोन ठेवून दे मध्ये एक प्रॅक्टिकल लोचा आहे. वर्गात बाईंना नेहमी दुसरा फटका दिसतो. पहिला बसतो तेव्हा त्या फळ्याकडे असतात, आवाज झाला की वळतात आणि तोवर तुमच्या नातवाचा हात वर असतो. ओरडा त्यालाच.

त्याला मोठा आवाज शिकवा. हे काम तुम्हीच करू शकता, कोल्हापूरकरांना आवाजाचं काय सांगायचं. ताठ उभं राहायचं, समोरच्याच्या डोळ्यात बघायचं आणि अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल असं "हात लावू नकोस!" अंगणात प्रॅक्टिस घ्या. आधी पुटपुटेल, मग हसेल, मग जमेल. ओरडून झालं की तिथे थांबायचं नाही, सरळ चार मुलं असतील तिथे जाऊन उभं राहायचं.

आता चहाडीचं. पोरांना फरक सांगितला की बरोबर समजतो. दुसऱ्याला ओरडा बसावा म्हणून सांगायला गेलो तर ती चहाडी. कोणाला लागतंय, कोणी घाबरलंय, माझं बोलून झालं तरी तो थांबत नाहीये, म्हणून गेलो तर ती मदत मागणं.

आणि मुख्य गोष्ट मला तुमच्या पत्रात दिसली ती ही, की तुम्ही "एक मुलगा" लिहिलंय. नेहमी तोच आहे का? आपला नातू त्याला घाबरतो का, शाळेत जायला नको म्हणतो का, पोटात दुखतं म्हणतो का? तसं असेल तर ते भांडण नाहीच, दादागिरी आहे. भांडणात दोघांचीही काहीतरी बाजू असते म्हणून दोघांना समोरासमोर बसवता येतं. दादागिरीत तसं बसवलं तर घाबरलेला पोरगा त्याच्यासमोर काय बोलणार, मान हलवणार आणि बाहेर आल्यावर परत मार खाणार. तिथे मिटवामिटवी मोठ्यांनी करायची, क्लास टीचरना भेटून, काय झालं कधी झालं ते तारखांसकट कागदावर लिहून द्यायचं, आणि आठ दिवसांनी परत जाऊन काय केलंत ते विचारायचं. त्या मुलाच्या घरी जाऊन त्याच्या वडिलांना गाठायचं मात्र टाळा, त्याचा राग दुसऱ्या दिवशी नातवावरच निघतो.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत पहिलीला शिकवते. पट अडतीस. दिवसभर "बाई हा बघा, बाई ती बघा". प्रत्येक भांडणात बसून चर्चा करायला वेळ कुठून आणू? हात उगारायचा नाही हे मान्यच, पण मग करायचं काय? – एक शिक्षिका, जालना जिल्हा

बाई, तुमचं पत्र मला सगळ्यात आवडलं, म्हणून उत्तर लांबणार आहे.

अडतीस पोरांच्या न्यायालयात एकटा जज टिकत नाही. तुम्ही निकाल देत राहिलात की केसेस वाढतच जाणार, कारण पोरांना कळतं की इथे निकाल मिळतो, आणि जो आधी पोचतो किंवा जास्त रडतो तो जिंकतो. म्हणून "कोणी आधी केलं?" हा प्रश्नच बंद करा. त्याचं खरं उत्तर कधीच मिळत नाही.

अमेरिकेत मिशिगनमधल्या हायस्कोप नावाच्या बालशिक्षण संस्थेची एक पद्धत बऱ्याच देशांत वापरतात, सहा पायऱ्यांची, आपल्या भाषेत सांगायचं तर अशी : शांतपणे जवळ जाऊन आधी मारामारी थांबवायची, दोघांच्या मनात काय चाललंय ते बोलून दाखवायचं ("तुला राग आलाय, तुला रडू येतंय"), काय झालं ते दोघांकडून ऐकायचं, मग ते एका वाक्यात परत सांगायचं ("म्हणजे दोरी एक आहे आणि दोघींना हवी आहे"), मग "काय करूया?" विचारून गप्प बसायचं, आणि ठरलं की थोडा वेळ लक्ष ठेवायचं. यातलं गप्प बसणं सगळ्यात अवघड आहे, विशेषतः आपल्या शिक्षकांना! पण तिथेच सगळी गंमत आहे. एका बालवाडीत दोरीवरून अशीच मारामारी झाली, मोठ्यांनी "पाच मिनिटं हिला, पाच मिनिटं तिला" केलं असतं, त्या दोघींनी ठरवलं की दोघी दोन टोकं धरून फिरवायची आणि तिसरीला उड्या मारायला बोलवायचं. आपल्याला हे सुचलं नसतं. त्यांनी काढलेला तोडगा आपल्याला अन्यायाचा वाटला तरी दोघी खूश असतील तर मध्ये पडू नका.

वेळेचं म्हणाल तर पहिले काही आठवडे जातो, खोटं कशाला सांगू. नंतर वाचतो. वर्गाच्या कोपऱ्यात एक बसकर टाका, बोलायची जागा म्हणून. हातात चेंडू असेल त्याने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं, मग चेंडू द्यायचा. सुरुवातीला तुम्ही बसा, दिवाळीपर्यंत निम्मी पोरं तुम्हाला न बोलावता जाऊन बसतील, काही नुसती चेंडूसाठी जातील, जाऊदे.

शिवाय पोरांकडे स्वतःची हत्यारं आहेतच की! राज्य कोणावर हे चकून ठरवतात, तिथे कोणी बाई लागत नाहीत. खेळता खेळता लागलं, चप्पल निघाली, की टाइम प्लीज, आणि सगळा खेळ तिथल्या तिथे थांबतो. लहान भाऊ मागे लागला तर कच्चा लिंबू करून घेतात, म्हणजे तो खेळतोय पण त्याच्यावर राज्य नाही, कोणाचा खेळ बिघडत नाही आणि कोणी बाहेरही राहत नाही. ही मैदानावरची रीत वर्गात आणा. पुढच्या रांगेत कोण बसणार, फळा कोण पुसणार, चका आणि ठरवा. राग आला तर टाइम प्लीज म्हणायची मुभा, आणि कोणी म्हटलं की समोरच्याने थांबायचंच.

आता साहित्याचं. माँटेसरी पद्धतीत वर्गात प्रत्येक साधनाचा एकच संच ठेवतात, मुद्दाम, म्हणजे दुसऱ्याचं होईपर्यंत थांबणं हा रोजचाच भाग होतो. तीच परंपरा गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडकांनी आपल्याकडे आणली, १९४५ला आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघांबरोबर, तीही आदिवासी पाड्यांवर, जिथे महागडं साहित्य नव्हतंच, शंख-शिंपले, बिया, दगड हेच साहित्य. पण थांबायचं तर थांबताना करायला काहीतरी लागतं. अडतीस पोरं रिकामी बसवून एक खेळणं मध्ये ठेवलंत तर लढाई होणारच. तुम्ही भांडणं कुठे होतात ते आठवडाभर बघा. मला खात्री आहे की निम्मी रांगेत होत असतील, खिचडीच्या नाहीतर नळाच्या. मग पोरांना उपदेश करण्यापेक्षा रांगच दोन करा.

प्रश्न : मुलगी पहिलीत. तिची बेस्ट फ्रेंड वाढदिवसाला हिला न बोलावता इतरांना बोलावून मोकळी झाली. मी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, त्यावर तिच्या आईने काहीच्या काही लिहिलं, आता आम्ही दोघी बोलत नाही. – ठाणे

आणि मुली? माझा अंदाज आहे की त्यांची कट्टी होऊन बट्टीही झाली असेल, मधल्या सुट्टीत एकाच डब्यातलं खात असतील. पोरांची कट्टी तासाभराची असते, आयांची पाचवीपर्यंत जाते. ग्रुपवर अजून काही लिहू नका, गेटवर भेटलात की "अहो, आपलं काय ते राहूदे" म्हणा. लेकीला वाईट वाटलं असेल तर तिच्याशी बोला, तिच्या वतीने भांडू नका.

प्रश्न : सगळे मारकुट्या मुलांबद्दल विचारतात. माझी मुलगी उलट आहे. कोणी काहीही मागितलं की देऊन टाकते. पेन्सिल, डबा, झोपाळ्याचा नंबर. टीचर म्हणतात किती शहाणी, अजिबात भांडत नाही. मला मात्र काळजी वाटते. – एक बाबा, बडोदा

बरोबर वाटते. भांडण न होणं आणि भांडण मिटवता येणं यात खूप अंतर आहे, तुमची मुलगी भांडण मिटवत नाही, ती फक्त त्यातून निघून जाते, आणि वर्गात अशा मुलांकडे कोणाचंच लक्ष जात नाही कारण ती त्रास देत नाहीत. वर शाबासकी मिळते म्हणजे तर बघायलाच नको, तिला वाटणार की आपलं सोडून देणं म्हणजेच चांगलं वागणं.

ती खरंच आनंदाने देते का ते आधी बघा, काही मुलं असतात तशी दिलदार. पण घरी येऊन चिडचिड करत असेल, धाकट्यावर राग काढत असेल तर नाही. टीचरना सांगा की कृपया शहाणी म्हणू नका, त्याऐवजी झोपाळ्याजवळ "तुझा नंबर होता ना, तुला हवाय का?" असं एकदा विचारा.

सुरुवात घरी, कमी जोखमीच्या गोष्टींपासून. कुठली भाजी, कुठला फ्रॉक, बागेत जायचं की आजीकडे. "काहीही चालेल" म्हणाली तर पटकन ठरवून टाकू नका, थांबा, "मला तुझं ऐकायचंय" म्हणा. ती एखाद्या दिवशी "नाही, मी देणार नाही" म्हणाली आणि ते नेमकं पाहुण्यांच्या मुलासमोर म्हणाली, तर त्या दिवशी तुमची परीक्षा आहे. "दे गं, लहान आहे तो" हे तोंडातून जाऊ देऊ नका. पाहुण्यांना चहा विचारा.