आचारसंहितेत तक्रारीचं कलम आधी लिही

आपल्या मार्गदर्शन उपक्रमाच्या आचारसंहितेचा तुझा मसुदा वाचला. ‘सर्वांनी एकमेकांशी आदराने वागावे’ हे तीनदा आलंय. दोन काढून टाक. आदर नको असं कुणीच म्हणत नाही, भांडण होतं ते आदर म्हणजे नेमकं काय यावरून. त्यापेक्षा प्रसंग लिही. मार्गदर्शकाने रात्री अकरानंतर खासगी मेसेज करायचे का? शिकणाऱ्याकडून स्वतःचं काम फुकटात करून घ्यायचं का? शिकणारा १८ वर्षांच्या आतला असेल तर एकट्याने भेटायचं का? माझ्या मते तिन्हींचं उत्तर सरळ ‘नाही’.

शून्यापासून लिहायची हौस आवर. ‘कॉन्ट्रिब्युटर कव्हनंट’ ही तयार आचारसंहिता २०१४ पासून आहे, श्रेय देऊन वापरता येते. तिच्या २.० आवृत्तीत कारवाईच्या चार पायऱ्या आहेत: समज, ताकीद, तात्पुरती बंदी, कायमची बंदी. ती मुळात सॉफ्टवेअर प्रकल्पांसाठी केलेली, त्यामुळे मार्गदर्शक आणि शिकणाऱ्याच्या नात्याचं कलम तुलाच घालावं लागेल.

खरा वेळ तक्रारीच्या भागावर घालव. आमच्या पहिल्या मसुद्यात तक्रार ‘संयोजकांकडे’ करायची होती. पहिलीच तक्रार आली ती संयोजकाबद्दल! आठवडाभर सगळे एकमेकांची तोंडं बघत बसलो. म्हणून दोन माणसांची नावं दे, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो निर्णयात नसेल हे स्पष्ट लिही. तक्रार मिळाल्याची पोच चोवीस तासांत देण्याचं वचन नको. स्वयंसेवक आहोत आपण. तीन दिवस म्हण आणि पाळ.

‘सगळं गुप्त राहील’ असंही छातीठोकपणे लिहू नकोस. लहान मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आला, तर गप्प बसून चालत नाही.