एका फोननं मिटणारं भांडण

या खेपेचे बहुतेक प्रश्न पहिलीच प्रेमकथा लिहायला बसलेल्यांचे आहेत. त्यांतल्या जवळपास सगळ्या चुका मी स्वतः करून झाल्या आहेत. त्यामुळे उत्तरांत कुठे चिडचिड दिसली तर ती माझ्याच जुन्या वह्यांवरची आहे असं समजा.

प्रश्न : माझे नायक-नायिका पहिल्याच प्रकरणात एकमेकांना पाहतात आणि प्रेमात पडतात. मैत्रीण म्हणते, सुरुवात छान आहे, पण तिसऱ्या प्रकरणानंतर काही घडतच नाही. मी तर त्यांच्या भेटी, गप्पा, फिरणं सगळं लिहिलंय. मग घडत नाही म्हणजे काय?

पाहताक्षणी प्रेम बसायला माझी हरकत नाही. पण दोघांनाही ते एकाच वेळी, एकाच मापात आणि कुणाचंही काही न बिघडवता बसलं, तर गोष्ट तिथेच संपते. मग उरतात त्या नुसत्या भेटी.

एक करून बघा. दोघं भेटले त्या दिवशी सकाळी, म्हणजे भेटण्याआधी, त्यांना काय हवं होतं ते एकेका ओळीत लिहा. ‘काहीच नाही’ असं उत्तर आलं तर दुखणं सापडलं. समजा, ती वडिलांचा बंद पडत आलेला छापखाना विकायला आली आहे आणि तो तिथला शेवटचा जुळारी आहे, खिळे म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं जुळवणारा. आता त्यांनी नुसता हिशेब तपासला तरी काहीतरी घडतं, कारण प्रत्येक भेटीत विक्री एक पाऊल पुढे तरी जाते नाहीतर मागे तरी येते. तो आवडायला लागणं तिला परवडणारं नाही, आणि तुमची कादंबरी त्या न परवडण्यावरच चालणार आहे.

जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये ६१ प्रकरणं आहेत. नायक पहिल्यांदा लग्नाचं विचारतो ते ३४व्या प्रकरणात, आणि नायिका त्याला सपशेल नकार देते. म्हणजे निम्मं पुस्तक संपल्यावर प्रेमाची कबुली येते, आणि ती येते भांडणाच्या रूपात. पहिल्या प्रकरणातली कबुली उचलून मध्यावर नेऊन ठेवा. आधीची जागा कशानं भरायची हे आपोआप सुचायला लागेल.

प्रश्न : माझा नायक नायिकेला दुसऱ्या पुरुषाशी हसून बोलताना पाहतो आणि न सांगता निघून जातो. दीडशे पानांनंतर कळतं की तो तिचा भाऊ होता. वाचणाऱ्यानं विचारलं, ‘एक फोन केला असता तर?’ आता काय करू?

वाचणाऱ्याचं बरोबर आहे. माझ्या पहिल्या हस्तलिखितात भावाऐवजी मामेभाऊ होता, एवढाच काय तो फरक.

गैरसमज वाईट नसतो. वाईट असतो तो पात्रांच्या स्वभावाशी काही नातं नसलेला, लेखकानं सोयीसाठी आणून टाकलेला गैरसमज. महाभारतातल्या शकुंतलेच्या कथेत शाप नाही आणि अंगठीही नाही. राजा तिला ओळखतो, पण लोक काय म्हणतील म्हणून नाकारतो. शाप आणि अंगठी कालिदासानं आणली. वरवर पाहता हाही बाहेरूनच लादलेला अडथळा, पण त्यानं तो रुजवला कुठे ते पाहा. दुर्वास दारात उभे असतात आणि दुष्यंताच्या विचारात बुडालेल्या शकुंतलेला त्यांची हाक ऐकूच येत नाही. अडथळा थेट तिच्या प्रेमातूनच उगवतो. वर शाप ऐकतात त्या तिच्या सख्या, तिला स्वतःला त्याचा पत्ता नसतो. प्रेक्षकाला मात्र सगळं ठाऊक असतं, आणि त्यामुळेच तो जीव मुठीत धरून बसतो.

तुम्ही नेमकं उलटं केलंय. भाऊ वाचकापासून लपवलात आणि दीडशे पानांनी ‘फसवलं की नाही!’ म्हणालात. तो भाऊ आहे हे वाचकाला लगेच सांगून टाका. मग नायकाला फोन करू द्या, तिला सगळं खरं सांगू द्या. आणि तरीही तो परत येऊ शकत नाही, असं कारण शोधा. तो निघून गेला कारण कुणीतरी आपल्याला सोडण्याआधी आपणच सोडायचं, ही त्याची जुनी खोड असेल, तर भाऊ निमित्तमात्र ठरतो आणि फोननं काही मिटत नाही. असं कारण सापडलंच नाही, तर ती दीडशे पानं काढा. दुखेल, पण काढा.

प्रश्न : भावना लिहिताना मी त्याच त्याच शब्दांत अडकतो. हृदयाची धडधड, अंगावर शहारा, गालांवर लाली. नवे शब्द कुठून आणू?

नवे शब्द नकोतच. माझ्या पहिल्या कादंबरीच्या समासात संपादिकेनं पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘ही अकराव्यांदा लाजली.’ मी लगेच समानार्थी शब्द शोधायला बसले. दुसरी चूक ती.

भरतानं नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव, म्हणजे भावना दाटली की अंगावर आपोआप उमटणाऱ्या खुणा, सांगितले आहेत : स्तंभ (थिजून जाणं), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभंग, वेपथू (कापरं), वैवर्ण्य (रंग उडणं), अश्रू आणि प्रलय (शुद्ध हरपणं). गंमत अशी की यांतले कित्येक भयातही दिसतात. घाम फुटतो, कापरं भरतं, आवाज चिरकतो. साप दिसला तरी हेच, प्रियकर दिसला तरी हेच. म्हणजे नुसत्या शहाऱ्यावरून वाचकाला काहीच कळत नाही. शिवाय शहारा कुणाच्याही अंगावर येतो, त्यात तुमची नायिका कुठे आहे?

ती कुठे दिसते, तर तिचं लक्ष कशाकडे जातं त्यात. पुन्हा छापखान्यात जाऊ. खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात आणि जुळाऱ्याला ती तशीच वाचायची सवय असते. टेबलाच्या पलीकडे बसून ती पत्र लिहिते आहे. अचानक तिच्या ध्यानात येतं की समोर बसलेल्या याला आपला कागद त्या बाजूनंही सहज वाचता येतो. त्या दिवशी ती कागदावर हात आडवा धरते. आठवड्यानंतर धरत नाही. कुठेही धडधड झालेली नाही, पण वाचकाला जे कळायचं ते कळलं. असा तपशील उसना मिळत नाही, तो पात्राच्या कामधंद्यात सापडतो. म्हणून आपला नायक दिवसभर नक्की काय करतो हे ठाऊक नसलेल्या लेखकाला शहाऱ्यावरच भागवावं लागतं.

प्रश्न : ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ हे वाक्य लिहिलं की मला स्वतःलाच डबिंग केलेल्या सिनेमासारखं वाटतं. दुसरं काय लिहावं?

वाटणारच. प्रत्यक्षात हे वाक्य मराठीत म्हणताना तुम्ही किती जणांना ऐकलंय? आपल्या भाषेनं त्याहून भारी सोय करून ठेवली आहे, ती म्हणजे ‘तुम्ही’ आणि ‘तू’. या दोहोंच्या मधे एक काळ असा येतो की ‘तुम्ही’ परकं वाटतं आणि ‘तू’ म्हणायचं धाडस होत नाही. मग माणसं सर्वनामच गाळतात. ‘निघायचं का?’ ‘वाचून झालं?’ ‘उद्या येणार ना?’ यांतलं एकही वाक्य अरे-तुरेचं नाही आणि अहो-जाहोचंही नाही. अशा संवादांवर एक आख्खं प्रकरण निघतं. आणि मग एखाद्या घाईच्या क्षणी तिच्या तोंडून ‘अरे, थांब!’ निघून गेलं, की कबुली झाली. पुढे दोघांनीही त्यावर अवाक्षर काढू नये. भांडणात ‘तू’वरून पुन्हा ‘तुम्ही’वर येणं तर थपडेपेक्षा जोरात लागतं.

प्रश्न : नायिका नाही म्हणते, तरी नायक तिच्या घराखाली रोज उभा राहतो. आमच्या लेखनगटात सगळे म्हणाले, हा छळ आहे. मला ती त्याची निष्ठा वाटते.

गट बरोबर आहे. तिच्या बाजूनं तोच प्रसंग लिहून बघा, खिडकीचा पडदा ओढण्यापासून. नकार ऐकून निघून गेलेला आणि मग स्वतःत काही बदललेला नायक लिहिणं अवघड आहे, मान्य. पण तुमची कथा तिथे आहे.

प्रश्न : सगळं अगदी माझ्या आयुष्यात घडलं तसं लिहिलंय. तरी लोकांना खोटं वाटतं.

कारण उरलेला अर्धा भाग तुमच्या आठवणीत आहे, कागदावर नाही. ‘तो हसला’ म्हटल्यावर तुम्हाला ते हसू दिसतं, आम्हाला फक्त क्रियापद. एक मोठी गोष्ट बदला, नोकरी किंवा वय किंवा शेवट. मग नाइलाजानं सगळंच नव्यानं बघावं लागेल.

प्रश्न : शेवट गोडच हवा का? मला दुःखान्त आवडतात.

रोमान्स म्हणून जो साहित्यप्रकार विकला जातो, त्यात वाचक आशादायक शेवट गृहीत धरूनच पुस्तक उचलतो. तिथे दुःखान्त लिहिलात तर त्याला फसवल्यासारखं वाटेल. नुसती प्रेमकथा लिहायची असेल तर मोकळे आहात. छापखाना विकला गेला आणि दोघं वेगळे झाले, तरी चालेल. फक्त विकायचं तिनं स्वतः ठरवलेलं असू दे, आणि त्यात आपण काय गमावतोय हे तिला ठाऊक असू दे. शेवटून दुसऱ्या पानावर ट्रक आणून नायकाला उडवू नका.