बदकाच्या तळव्याचे कुरूप : पावडर नको, आधी पायाखालची जमीन बदला

गोराईच्या ताई विचारतात : अंगणात सहा बदके आहेत. एक लंगडते, तळव्यावर काळी खपली आहे. दुकानदाराने पाण्यात घालायला अँटिबायोटिकची पावडर दिली आहे. किती दिवस द्यावी?

ताई, एकही दिवस नाही. पाकीट बंद करून बाजूला ठेवा.

हे बंबलफूट. आपल्याकडे लोक कुरूपच म्हणतात. खरबरीत कोब्यावर किंवा उंचावरून उड्या मारून तळव्याला बारीक चीर पडते, ओल्या घाणीतले जंतू, बहुधा स्टॅफिलोकोकस, आत शिरतात आणि वर खपली धरते. पावडरीने काय होते ते पाहा. लंगडे बदक पाण्यापर्यंत कमी जाते, म्हणजे आजाऱ्याला औषध थोडे आणि धडधाकट पाचांना जास्त. पाकिटावरचे माप कोंबडीच्या पिण्यावर काढलेले असते. बदक त्याहून कितीतरी जास्त पाणी पिते, अर्धे सांडते. मात्रा कोणाला किती गेली हे दुकानदारालाही सांगता येणार नाही. वर तो म्हणतो, 'फरक नाही पडला तर डबल करा.' डबल करू नका. पाकिटावरचे नावही वाचा. कोलिस्टिन असेल तर ते कोंबड्या-बदकांसाठी 2019 पासून बंद आहे.

घरी करायचे ते असे. आधी बदक टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्या, पाय धरून उचलू नका. दोन्ही तळवे हाताने चाचपा. खपली लहान, सूज नाही, पाय दुसऱ्या पायाहून गरम नाही, एवढेच असेल तर घरी जमेल. एक लिटर कोमट पाण्यात दोन टेबलचमचे एप्सम मीठ (केमिस्टकडे मॅग सल्फ म्हणून मागा) घालून पाय दहा-पंधरा मिनिटे बुडवा. हे पाणी त्याला पिऊ देऊ नका, जुलाब होतात. मग पाय स्वच्छ पुसा, पोव्हिडोन आयोडीन पाण्यात हलक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावा, पूर्ण वाळू द्या आणि वर गॉज ठेवून स्वतःलाच चिकटणारी पट्टी सैलसर बांधा. पट्टी रोज बदला. बोटे थंड पडली किंवा सुजली तर पट्टी घट्ट झाली आहे, लगेच सोडा.

वेळ महत्त्वाची. हे सगळे संध्याकाळी, बदक कोंडायच्या आधी. सकाळी पट्टी बांधून टबात सोडले की ओल्या पट्टीखाली तळवा रात्रीपर्यंत कुजत राहतो. असे करून आठवडाभरात लहान खपलीचा पिकलेला तळवा झालेला मी कितीदा पाहिला आहे. उपचाराच्या दिवसांत पोहणे बंद, पण डोके बुडेल एवढी खोल बादली मात्र ठेवाच. नाकपुड्या आणि डोळे धुता आले नाहीत तर बदकाला दुसराच त्रास सुरू होतो.

आयोडीन बाटलीतून तसेच ओतू नका. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज लावू नका, नवी कातडी जळते. जखमेत हळद आणि तेल भरू नका, त्याखाली घाण अडकते.

मुलुंडचे एक दादा : गच्चीवर जोडी आहे. एकाच्या तळव्यात वाटाण्याएवढी गाठ आहे. ब्लेडने खपली काढून आतला पू पिळून काढू का?

नाही. पाखरांचा पू माणसासारखा वाहत नाही, तो चीजसारखा घट्ट गोळा होतो. पिळून तो बाहेर येत नाही, उलट आत कंडरांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) आवरणाकडे ढकलला जातो. तिथून हाडात गेला की पाय वाचवणे अवघड. गाठ काढायची तर भूल, निर्जंतुक हत्यारे आणि पक्ष्यांची सवय असलेला पशुवैद्यक हवा. परळला पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातले प्राण्यांचे रुग्णालय आहे, तिथे दाखवा. गाठ, सूज घोट्याकडे चढणे, पाय गरम लागणे, खाणे सोडणे, यांतले एकही दिसले तर घरगुती उपचार थांबवा. पाच-सात दिवसांत लहान खपलीतही फरक नसेल तरी थांबवा.

दहिसरहून : मेडिकलवाल्याने कुरूपाची पट्टी आणि अर्धी पेनकिलर दिली. दिली तर चालेल का? अंडी खाता येतील का?

दोन्ही देऊ नका. कुरूपाच्या पट्टीत सॅलिसिलिक आम्ल असते, ते बदकाची पातळ कातडी खाते. गोळी डायक्लोफेनॅक असेल तर ती जनावरांसाठी 2006 पासून बंद आहे. गिधाडांची मूत्रपिंडे याच औषधाने निकामी झाली. माणसाची गोळी बदकाला अर्धीही नाही, पावही नाही. मेडिकलवाला माणसांची औषधे विकतो, त्याला बदक विचारू नका. अंडी : पशुवैद्यकाने अँटिबायोटिक दिले असेल तर ते चालू असताना आणि नंतर तो सांगेल तितके दिवस अंडी खायची नाहीत, शेजाऱ्यांना द्यायचीही नाहीत.

आता तिघांनाही. औषध कितीही बरोबर असले तरी बदक परत त्याच कोब्यावर चालले तर महिन्यात तळवा पुन्हा फुटणार. रात्रीच्या जागेवर चार बोटे जाडीचा भाताचा कोरडा तूस किंवा रंध्याचा भुसा घाला, ओला भाग रोज उचला, आठवड्याने सगळा बदला. जून ते सप्टेंबर हे जास्त कडक पाळा. पाण्याचा टब झोपायच्या जागेपासून लांब ठेवा. गच्चीच्या लादीवर रबरी मॅट टाका, पण ती रोज धुऊन वाळवा. बसायची जागा उंच करू नका. चुना मारून जागा कोरडी करायचा सल्ला दुकानात मिळतो, तो ऐकू नका, ओल्या पायांना चुना भाजतो. आणि दर रविवारी प्रत्येक बदक मांडीवर घेऊन तळवा पाहा. ही एक सवय लागली तर माझ्याकडचे निम्मे प्रश्न येणारच नाहीत.

वजन वाढलेल्या बदकाला हा आजार पुन्हा पुन्हा होतो. उरलेला पाव, भात, फरसाण बंद करा. तांबडा भोपळा, गाजर, शेवग्याचा पाला द्या, अ जीवनसत्त्व कमी पडले की तळव्याची कातडी लवकर फाटते.



दवाखान्यात नेताना हवा खेळणाऱ्या खोक्यात जुना टॉवेल अंथरा, सकाळी लवकर निघा, आणि दुकानदाराने दिलेले पाकीट सोबत आणा. दोन चमचे पावडर आधीच दिली असेल तरी ते लपवू नका. पुढचे औषध त्यावर ठरते.