विकास आराखड्यासाठी पहिल्यांदाच वस्तीतली माणसं जमवताय? एवढं सांभाळा

ताई, पहिल्याच खेपेला अख्ख्या शहराचा विकास आराखडा (कुठली जागा कशासाठी वापरायची हे ठरवणारा नकाशा) समजून घ्यायला बसू नका. आपल्या वस्तीतली रस्ता, मैदान, शाळेची आरक्षणं, म्हणजे त्यासाठी राखून ठेवलेल्या जागा, तेवढी शोधा आणि लोकांना जागेवर चालत न्या. "रस्ता इथून, तुमच्या ओट्यावरून जाणार" म्हटलं की माणसं बोलू लागतात. नकाशातले रंग बघून कुणी बोलत नाही.

नळाला पाणी येणार त्या दिवशी सभा कधीच ठेवू नका. लातूर काय, संभाजीनगर काय, पाणी रोज येत नाही. त्या दिवशी बाया घर सोडत नाहीत, आणि वस्तीची खरी अडचण त्यांनाच ठाऊक. माझ्या पहिल्या सभेला नुसते पुरुष आले. बागेची जागा ठरली, गल्लीतल्या अंधाराचा विषयच निघाला नाही. अजून खटकतं.

नवख्यांकडून हमखास सुटतं ते:

- मुदत. १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार प्रारूप (कच्चा) आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनांना ठराविक दिवसच मिळतात. लेखी द्या, सर्व्हे नंबर टाका, पोच घ्या.
- सुनावणी. हरकत देऊन घरी बसू नका, चार शेजारी घेऊन जा.

एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं), टीडीआर (जागेच्या बदल्यात मिळणारा बांधकामाचा हक्क) हे नंतर बघू. आधी ओळखीची दहा घरं फिरा आणि काय ऐकलं ते मला सांगा.