पोरगा "माहीत नाही" म्हणतो तेव्हा

डॅलसहून एका ताईंचं पत्र आलंय. माहेर चोपड्याचं, सासर यावलकडचं, मुलगा अकरावीत. डिसेंबरच्या सुट्टीत सगळे गावी येणार आहेत. मळ्यात भरीत पार्टी होईल, पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जातील आणि कुणीतरी काका विचारतीलच, "पोऱ्या काय शिकी राह्यना? पुढे काय?" मागच्या खेपेला मुलगा "माहीत नाही" म्हणाला आणि उठून गाडीत जाऊन बसला. ताई लिहितात, "आधी त्याचा राग आला, मग माझीच लाज वाटली. त्याच्या वयात मला सगळं ठाऊक होतं."

ताई, खरंच ठाऊक होतं का? दहावीचा निकाल लागला की आपल्याला चार-आठ दिवसांत शाखेचा फॉर्म भरावा लागायचा. अकरावीत पीसीएम की पीसीबी ठरलं की इंजिनिअर की डॉक्टर हेही ठरून जायचं. भुसावळ असो की शहादा, पोरांना कळायच्या आत मुदत संपायची. मी वर्षानुवर्षं दहावीचे वर्ग घेतले. खात्रीने सांगणाऱ्या मुलांपैकी बरीचशी घरात ऐकलेलंच सांगत असत. तुमचा मुलगा खरं तेच बोलतोय. त्याला खोटं ठरवायला लावू नका.

त्याच्यापुढची मुदत वेगळी आहे, ती आधी नीट पाहून घ्या. अमेरिकेत अनेक विद्यापीठांत मुख्य विषय न ठरवताही प्रवेश मिळतो आणि दुसरं वर्ष संपेपर्यंत तो ठरवता येतो. डॉक्टर व्हायचं असेल तरी बहुतेकांना आधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते, मग मेडिकलची चार वर्षं. मात्र इंजिनिअरिंग आणि नर्सिंगला बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षीच थेट प्रवेश असतो आणि नंतर तिकडे वळणं अवघड जातं. तेव्हा "तू काय होणार?" हे आज विचारायची गरज नाही. कोणता विषय सोडला तर कोणता रस्ता बंद होतो, एवढंच दोघांनी बसून बघायचं. बहुतेक घरांत याचं उत्तर एकच निघतं, गणित सोडू नये.

इंग्लंडमधल्या पालकांनी हे जास्त मनावर घ्यावं. तिथे सोळाव्या वर्षी ए-लेव्हलसाठी, म्हणजे तिथल्या अकरावी-बारावीसाठी, बहुधा तीनच विषय उरतात. गणित गेलं की इंजिनिअरिंग जवळजवळ गेलंच, आणि रसायनशास्त्र नसेल तर बहुतेक मेडिकल कॉलेजांचं दार लागतं. जर्मनीत तर बहुतेक राज्यांत चौथीनंतरच शाळांच्या वाटा फुटतात. तिथलं आउसबिल्डुंग, म्हणजे कंपनीत पगारी उमेदवारी आणि सोबत व्यवसाय शाळा, हे ऐकून आपल्या लोकांची मान खाली जाते. ती जाऊ नये, तिथे त्या शिक्षणाला मान आहे. आणि "नाहीच जमलं तर भारतात एमबीबीएसला पाठवू" असं मनात असेल तर एनआरआय कोट्यालाही नीट (NEET) ही प्रवेश परीक्षा लागते आणि बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र असावं लागतं, हे आत्ताच तपासा.

आता मुलाविषयी. सोळा वर्षांच्या पोराने कामं पाहिलेलीच नसतात. बाबा लॅपटॉपसमोर बसतात, आई लॅपटॉपसमोर बसते. त्यातून त्याला कामाचं काय कळणार? म्हणून या डिसेंबरात नातेवाइकांच्या चहाच्या फेऱ्या निम्म्या करा. त्याला रावेर-यावल पट्ट्यात केळीची कापणी बघू द्या. घड कापला की पुढे धुणं, ग्रेडिंग, खोक्यांत भरणं, शीतगृह आणि आखाती देशांकडे रवानगी. त्या एका घडामागे प्रयोगशाळेत कोंबापासून टिश्यू कल्चरची रोपं तयार करणारे आहेत, करपा आणि सीएमव्ही रोगांवर काम करणारे आहेत, ठिबकाचा हिशेब मांडणारे आहेत, निर्यातीची कागदपत्रं करणारे आहेत. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यासाठीही कुणीतरी कायदा आणि नोंदी चाळत बसलं होतं. प्रत्येकाला त्याने एकच विचारावं: "काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुम्ही काय काय केलं?" पदवी विचारू नये, पगार तर नाहीच. परत गेल्यावर त्यातलं काय आठवतं ते त्याच्याकडून ऐका. मध्ये बोलू नका, हे फार जड जातं, पण नका बोलू.

जमलं तर अमळनेरलाही न्या. 1945 साली तिथे वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून विप्रो सुरू झाली. 1966 मध्ये वडील गेले तेव्हा अझीम प्रेमजी स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग शिकत होते. शिक्षण अर्धवट टाकून, एकविसाव्या वर्षी, त्यांना परतावं लागलं. पदवी कितीतरी वर्षांनी पुरी झाली. कंपनी मात्र तुपावरून साबणाकडे, पुढे संगणकाकडे गेली. त्यांच्या पाठीशी तयार कारखाना होता, तुमच्या मुलाच्या पाठीशी नाही, म्हणून ही गोष्ट "बघ, शिक" म्हणून सांगू नका. एका माणसाचं काम एका आयुष्यात किती बदलू शकतं, एवढं त्याला त्या गावात उभं राहून दिसलं तरी खूप झालं.

एक काळजी मात्र खरी आहे. "माहीत नाही"च्या जोडीला झोप उडाली असेल, खेळ सुटला असेल, मित्र तुटले असतील, तर करिअरचा विषय पूर्ण बाजूला ठेवा आणि शाळेच्या समुपदेशकाला किंवा डॉक्टरला भेटा. त्यात उशीर नको.

आणि भरताच्या रात्री काकांनी विचारलं, तर त्याच्या आधी तुम्हीच बोला: "अकरावीत आहे, काका. गणित ठेवलंय, बाकी बघतोय. उद्या त्याला तुमच्या केळीच्या बागेत न्याल का?"