छापलेलं बिल उडवायचं नसतं

मित्राच्या हॉटेलसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहिताय आणि चुकलेलं बिल डिलीट केल्यावर पुढचे नंबर मागे सरकवायचे का, असं विचारलंय. अजिबात नको. डिलीटचं बटणच काढून टाका. बिल रद्द झालं तर नंबर तसाच ठेवायचा आणि कोणी, किती वाजता, कशासाठी रद्द केलं ते नोंदवायचं. जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या जीएसटी रिटर्नच्या, तक्ता १३मध्ये कुठल्या नंबरपासून कुठल्या नंबरपर्यंत बिलं निघाली, त्यातली रद्द किती, हे भरावंच लागतं. रद्द बिल दिसलं म्हणून कोणी काही म्हणत नाही. मधला नंबरच गायब असला की सीएचा फोन येतो.

बरेच जण केओटी (किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी) आणि बिल एकाच नंबरावर चालवतात आणि तिथेच फसतात. ऑर्डर किचनला गेली, गिऱ्हाईक उठून गेलं, नंबर वाया. बिलाचा नंबर बिल छापताना द्या, टेबल उघडताना नाही. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे तो ओळीने हवा, १६ अक्षरांच्या आत हवा आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नये. नंबरांच्या मालिका एकाहून जास्त चालतात. पार्सल काउंटरला स्वतःचं अक्षर द्या, म्हणजे नेट गेलं तरी दोन मशीनवर एकच नंबर पडणार नाही.

माझी स्वतःची चूक सांगतो. मी नव्या वर्षाची मालिका ‘डे क्लोज’ला, म्हणजे दिवसाचा गल्ला बंद करण्याला, बांधली होती. ३१ मार्चच्या रात्री शेवटचं टेबल बाराच्या पुढे उठलं. बिलावर तारीख १ एप्रिल, नंबर जुन्या वर्षाचा! गल्ल्याचा दिवस कधीही संपो, मालिका बिलाच्या तारखेवरच बदलली पाहिजे.

आता पैशांचं. रुपये अपूर्णांकात साठवू नका, पैशांत पूर्णांक ठेवा. १८५ रुपयांच्या थाळीवर ५ टक्के जीएसटी म्हणजे ९.२५. त्याचे दोन सारखे भाग छापता येत नाहीत, आणि सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे केंद्राचा आणि राज्याचा वाटा, तर सारखेच हवेत. म्हणून अडीच-अडीच टक्के वेगळे काढा: ४.६३ आणि ४.६३, बेरीज ९.२६. हा हिशोब प्रत्येक पदार्थावर न करता बिलाच्या एकूण रकमेवर करा. राउंड ऑफची ओळ शेवटी, वेगळी.

परमिट रूम असेल तर दारू जीएसटीत येत नाही, तिला व्हॅट. तिचं बिल वेगळंच काढा. स्विगी-झोमॅटोवरून आलेल्या ऑर्डरींचा कर १ जानेवारी २०२२पासून जीएसटी कायद्याच्या कलम ९(५)खाली त्या कंपन्याच भरतात. त्या ऑर्डरींना खूण करून ठेवा, रिटर्नमध्ये वेगळ्या दाखवाव्या लागतात.

आणि हो, मित्र कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यावसायिकांसाठीची जीएसटीची सोपी योजना) आहे का, हे आधी विचारा. असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून कर घेताच येत नाही. टॅक्स इन्व्हॉइसऐवजी बिल ऑफ सप्लाय, म्हणजे कर न लावलेलं बिल, द्यायचं आणि आपण कंपोझिशनमध्ये असल्याने कर घेत नाही, अशी ओळ त्यावर छापायची. मग ४.६३चं गणित करायचीही गरज नाही.