आई सगळ्या नातवंडांसाठी गोधड्या शिवत बसते, यात तिला एवढा कसला आनंद मिळतो? तिला थांबवावं का?

तुम्ही लिहिलंय की आई सत्तरीला टेकल्यात, घरात नातवंडं वाढतायत आणि प्रत्येकाला स्वतःच्या हाताने गोधडी शिवून द्यायचा त्यांनी चंगच बांधलाय. पाठ धरते, डोळे चुरचुरतात, तयार पांघरुणं तर कुठेही मिळतात, मग हा हट्ट कशाला, असं तुम्हाला वाटतंय. मी स्वतः आजी आहे आणि गोधड्या शिवते, त्यामुळे मी आईंच्या बाजूने बोलणार हे आधीच सांगून टाकते. थांबवू नका. पाठीचं आणि डोळ्यांचं काय करता येईल ते पुढे लिहिते.

आधी आनंदाचं. सगळे समजतात की आजीला देण्यात आनंद मिळतो. मिळतो ना, पण तो अगदी शेवटी आणि थोडाच वेळ. गोधडी दिली, लेकराला पांघरली, चार फोटो निघाले, झालं. खरी मजा त्याच्या आधीच्या महिन्यांत असते. घरात नवं बाळ येणार असं कानावर आलं की डोक्यात जुळवाजुळव सुरू होते. ते मूल कसं असेल, काही ठाऊक नसतं. तरी आपण त्याच्यासाठी निर्णय घेत बसतो: निळ्याशेजारी पिवळा लावू की करडा, बारीक फुलांचं अस्तर घेऊ की सरळ रेघांचं.

आता मला सांगा, घरात दुसऱ्या कुठल्या गोष्टीत आजीचा शब्द शेवटचा असतो? बाळाचं नाव आईबाप ठरवतात. त्याला काय भरवायचं ते डॉक्टर सांगतात. त्याने किती वाजता झोपायचं याचंही हल्ली वेळापत्रक असतं. आजीने मध्ये तोंड घातलं की सगळे एकमेकांकडे बघतात. (बरोबरच आहे त्यांचं. आमच्या वेळी आम्हीही तसंच बघायचो.) गोधडीच्या बाबतीत मात्र कोणी ढवळाढवळ करत नाही. सूनबाई फार तर म्हणते, ‘आई, फार भडक नको हं.’ मी ‘बरं’ म्हणते आणि मला हवं तेच करते. तुमच्या आईंना जो आनंद मिळतो त्यातला निम्मा हाच असणार, असं मी पैजेवर सांगते. त्या कदाचित तुम्हाला असं बोलून दाखवणार नाहीत.

दुसरं असं, की या कामाला डोकं लागतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, म्हातारी बसलीय सुई चालवत. गोधडी हे बरंचसं गणित आहे. समजा, शिवून झाल्यावर ४ इंचाचा दिसेल असा चौकोन हवाय. प्रत्येक कडेला शिवणीसाठी पाव इंच, म्हणजे दोन सूत, सोडावे लागतात, म्हणून कापताना तो साडेचार इंचाचा कापायचा. शिवताना हात एकच सूत आत सरकला, तर एका जोडात दोन्ही बाजू मिळून दोन सूत कापड जास्त गेलं. ९ चौकोनांच्या ओळीत ८ जोड असतात. म्हणजे १६ सूत, पुरे २ इंच! ३६ इंचांची ओळ ३४ ची होते आणि शेजारच्या ओळीशी तिचे कोपरे काही केल्या जुळत नाहीत. त्रिकोण असतील तर त्याहून कठीण, कारण त्यांची एक तरी कड उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी, येते आणि उरेब कापड नुसतं हाताळलं तरी ताणलं जातं. हे सगळं सांभाळून चार कोपरे एका टोकावर अचूक भेटले की जे वाटतं, ते गणित सुटल्यावर शाळेत वाटायचं तेच. या वयात असे सोडवायला प्रश्न कोण देतं आपल्याला? लोक औषधं वेळेवर घेतली का एवढंच विचारतात.

तिसरी गोष्ट कपड्यांची. तुमच्या आई जुने कपडे वापरतात की नवं कापड, ते तुम्ही लिहिलेलं नाही. जुने वापरत असतील तर त्यांच्याजवळ एक गाठोडं असणार आणि त्यातल्या प्रत्येक कापडाचा इतिहास त्यांना तोंडपाठ असणार. लेकीचा शाळेचा फ्रॉक, थोरल्याचा पहिल्या नोकरीतला सदरा, गेलेल्या माणसाचं धोतर किंवा पायजमा. कोणाचं कापड कोणाच्या गोधडीत घालायचं यावर मी फार वेळ घालवते. धाकट्या नातवाने आजोबांना पाहिलेलंच नाही, म्हणून त्यांच्या सदऱ्याचा मोठा भाग त्याच्याकडे गेला. थोरलीला त्यांच्या मांडीवर बसल्याचं आठवतं, तिला एक खिसा पुरला. हा हिशोब मी कोणाला समजावून सांगितलेला नाही.

अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी घरच्यासाठी शिवलेल्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात मांडल्या गेल्या आणि जगभर गाजल्या. त्यातली एक मिसूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या जुन्या कपड्यांची शिवली होती, किशोरवयीन मुलीला मदतीला घेऊन. घरात जो माणूस होता त्याचं कापड पांघरून झोपायचं, एवढाच हेतू. संग्रहालय वगैरे त्यांच्या ध्यानीमनीही नसणार.

भावना कितीही असली तरी जुन्या कापडाला एक नियम लावावाच लागतो. दोन्ही अंगठ्यांनी ते ताणून बघायचं आणि उजेडासमोर धरायचं. विरलेलं असेल तर मन घट्ट करून बाजूला ठेवायचं, कारण विरलेल्या तुकड्याशेजारी नवं घट्ट कापड लावलं की धुताना नवं ओढ घेतं आणि जुनं शिवणीपाशी फाटतं. नवं सुती कापड आधी धुऊनच घ्यावं, ते आटतं. लाल आणि गर्द निळ्याचा तर भरवसाच नाही. ओल्या तुकड्यावर पांढरं फडकं दाबून रंग उतरतो का ते बघायचं. टी-शर्टचं ताणणारं कापड घालायचं असेल तर मागून इस्त्रीने चिकटणारं पातळ अस्तर लावून मगच कापायचं. तुम्हाला आईंना भेट द्यायचीच असेल तर असे कपडे आणून द्या. मुलांचे लहान झालेले कपडे टाकून देण्याआधी त्यांना विचारा. त्या अर्धे नको म्हणतील, पण विचारलंत याने खूश होतील.

आता वाढत्या कुटुंबाचं. नातवंडं वाढतात तशी ही गोष्ट नाजूक होते. एकाला दिली की सगळ्यांना द्यावी लागते आणि मुलं फार बारकाईने मापं काढतात. ‘तिची माझ्यापेक्षा मोठी का?’ हा प्रश्न मी ऐकलाय. म्हणून मी एक वही ठेवते: कोणाला केव्हा दिली, माप काय, मधला थर कशाचा, अस्तर कुठलं. लग्न होऊन आलेल्या सुना आणि जावईही त्या वहीत आहेत. कोणाच्या दुसऱ्या लग्नाबरोबर मूल घरात आलं असेल तर त्याची गोधडी सर्वांत आधी व्हावी असं माझं ठाम मत आहे. बाकीच्यांना ती आपसूक मिळणारच असते. त्या मुलाला मात्र आपण या घरातले आहोत की नाही हे अजून कळायचं असतं, आणि ते सांगायला गोधडीवर त्याच्या नावाची अक्षरं भरणं पुरतं.

बाळाच्या गोधडीबद्दल एक गोष्ट आईंना नक्की सांगा, कारण आपल्या पिढीला हे कोणी सांगितलं नव्हतं. बाळ वर्षाचं होईपर्यंत त्याच्या झोपायच्या जागी सैल पांघरूण, गोधडी, उशी काही ठेवू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. तोंडावर ओढलं गेलं तर बाळाला ते बाजूला करता येत नाही. पहिलं वर्ष गोधडी जमिनीवर अंथरायची, बाळाला त्यावर पालथं खेळवायचं, आणि तेही कोणी समोर बसलेलं असताना. बटणं, मणी, टिकल्या लहानग्यांच्या गोधडीवर नकोतच. शिवायला बसताना सुया मोजायच्या आणि उठताना पुन्हा मोजायच्या. रांगतं मूल घरात असताना हरवलेली सुई सापडेपर्यंत कोणी जेवायला उठत नाही, असा आमच्याकडे कायदा आहे.

पाठ आणि डोळे. पाठ बहुतेक वेळा शिवण्याने दुखत नाही, गोधडीच्या वजनाने दुखते. तीन थर एकत्र आले की ती जड होते, आणि मांडीवर घेऊन वाकून शिवलं की सगळा भार मानेवर येतो. मोठं टेबल द्या, गोधडी सगळी त्यावर टेकू द्या, खुर्चीला पाठ हवी. अर्ध्या-पाऊण तासाने उठायचं. त्या ऐकणार नाहीत, म्हणून त्या वेळी तुम्हीच चहापाण्याला हाक मारा. मशीनवर शिवत असतील तर मोठी गोधडी मशीनच्या हाताखालून ढकलत नेणं खांद्याला फार जड जातं. लहान भाग तिन्ही थरांसकट पूर्ण करून शेवटी एकमेकांना जोडले तर हा त्रास बराच वाचतो.

उजव्या हाताने शिवत असतील तर दिवा डाव्या बाजूला हवा, म्हणजे टाक्यावर हाताची सावली पडत नाही. दोरा हातभरच घ्यावा, लांब घेतला तर पिळतो आणि झिजतो. सुयांच्या नंबरात एक उलटं असतं: नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक आणि आखूड. बोटं दुखत असतील तर आखूड सुईचा हट्ट सोडून जरा लांब सुई घ्यावी. टाके थोडे मोठे येतील, येऊ देत. आणि एक नीट लक्षात घ्या. गर्द निळा आणि काळा त्यांना वेगळे ओळखता येईनासे झाले, किंवा रंगांची निवड एकाएकी विचित्र वाटू लागली, तर डोळे तपासून घ्या. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळट होतं आणि निळे-जांभळे रंग सर्वांत आधी फसवतात. घरच्यांना वाटतं, म्हातारपणी आवड बदलली.

शिवणाऱ्याच्या जिवावर खरं तर दुसरंच येतं, ज्याची कोणी चौकशी करत नाही. गोधडी मिळाल्यावर लोक ती कपाटात ठेवतात! ‘इतकी सुंदर आहे, खराब होईल.’ अहो, ठेवल्यानेही ती खराबच होते. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली की घडीच्या रेघेवर धागे कमजोर होतात, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट राहिली तर बुरशी धरते. वापरा. थंड पाण्यात, सौम्य साबणाने धुवा. ओली गोधडी एका दोरीवर लोंबकळत ठेवू नका, पाण्याच्या वजनाने टाके ओढले जातात. दोन-तीन दोऱ्यांवर आडवी पसरा, तीही सावलीत. फाटली तर आईंकडे परत घेऊन जा. दुरुस्तीला आलेली गोधडी बघून मला नवीन शिवण्याइतकाच आनंद होतो, कारण याचा अर्थ ती कोणीतरी लोळवली, ओढली, तिच्यावर दूध सांडलं.

देताना जीव थोडा तुटतो, हेही खरं आहे. जॉर्जिया राज्यातल्या हॅरिएट पॉवर्स यांचा जन्म १८३७ चा, गुलामगिरीतला. बायबलमधल्या कथा कापडाच्या आकृत्यांनी मांडलेली त्यांची एक गोधडी त्यांना १८९१ मध्ये पैशांच्या अडचणीमुळे विकावी लागली. नंतर त्या ती गोधडी बघायला विकत घेणाऱ्या बाईंकडे जात. आज ती वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. त्या जाऊन काय बघत असतील ते मला नीट समजतं. नातवाकडे राहायला गेले की मीही आधी पलंगाकडे बघते, मग नातवाकडे.

एक राहिलं. तुमच्या प्रश्नात नातवंडांच्या गोधड्या आहेत, सुनेची आहे, तुमच्या स्वतःच्या गोधडीचा मात्र कुठे उल्लेख नाही. मधली पिढी यात नेहमी सुटते. नातवंडांचं उरकेपर्यंत मुलं पन्नाशीला येतात आणि ‘आता मला कशाला’ म्हणतात. नसेल मिळाली तर मागा. रंगही तुम्हीच सांगा. त्या ‘बरं’ म्हणतील आणि त्यांना हवे तेच घेतील, त्याची तयारी ठेवा. मोठ्या पलंगाच्या मापाची हवी असेल तर तिन्ही थर एकत्र पसरून कच्चा टाका घालायला खोलीभर जमीन लागते. मधून बाहेर शिवत गेलं तरच चुण्या पडत नाहीत, आणि इतक्या मोठ्या गोधडीच्या मधोमध गुडघ्यांवर बसणं त्यांना आता जमणार नाही. ते टाके तुम्हाला घालावे लागतील. धावदोरा येत नसेल तर आत्ताच शिकून घ्या.